प्राचार्यांची सही नोंदणीला चालते, मग मतदानाला का नाही?

7 मे 2024. दुपारचे साडेचार वाजले असतील. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत लोकसभेचं मतदान चालू होतं. माझी पुतणी तिथून परत आली आणि सोप्यात भिंतीला टेकून बसली. "काकी, मी कार्ड दाखवलो की. हे चालत नाही म्हटले." कॉलेजचं ओळखपत्र निळ्या फितीसकट गळ्यात तसंच होतं.

ती कोल्हापुरात शिकते. त्या दिवशी कोल्हापुरातही मतदान होतं, त्यामुळे कॉलेजला सुट्टी. पहाटेच्या एसटीने निघाली, बेळगावात सीबीटीवर, म्हणजे मुख्य बसस्टँडवर उतरून दुसरी गाडी धरली. आयुष्यातलं पहिलं मत म्हणून नवा ड्रेस घालून आली होती. यादीत तिचं नाव होतं. अनुक्रमांकाची चिठ्ठी अंगणवाडीच्या बाईंनी दोन दिवस आधी घरपोच दिली होती. पण 2019 पासून ती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. मतदार कार्ड पोस्टाने यायचं होतं, ते आलेलं नव्हतं. आधार होस्टेलच्या ट्रंकेत. ऑनलाइन काढू म्हटलं तर ओटीपी जातो तिच्या आजोबांच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम बंद पडून वर्षं झालीत. सहा वाजले आणि मतदान संपलं.

केंद्रावरच्या साहेबांना मी बोल लावत नाही. त्यांच्या टेबलावर आयोगाची यादी होती. मतदार कार्ड नसेल तर 12 कागदांपैकी कुठलाही एक चालतो: आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचा कागद वगैरे. विद्यार्थ्याचं ओळखपत्र त्यात नाही. आणि मला हे सगळं पाठ आहे, कारण 10 मे 2023 च्या विधानसभेला मी स्वतः त्या खुर्चीत बसले होते. नाव शोधून ओळख पटवायचं काम माझ्याकडे होतं. पॉलिटेक्निकचा एक मुलगा कार्ड घेऊन आला. मी त्याला "आधार घेऊन ये बाळा" म्हणून पाठवलं. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते, तो आला नाही. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. वर्षभराने तेच आमच्या घरात घडलं.

मी डिग्री कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. ते कार्ड कसं बनतं हे मला ठाऊक आहे म्हणून लिहिते. अ‍ॅडमिशनला मूळ टीसी घेतो. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड मूळ प्रतीशी ताडून बघतो. आधारची झेरॉक्स घेतो. यूयूसीएमएसवर, म्हणजे कर्नाटकातल्या विद्यापीठ-कॉलेजांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते, जनरल रजिस्टरात नाव चढतं. मग फोटो चिकटवलेला फॉर्म प्राचार्यांपुढे जातो, त्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का बसतो, तेव्हा कुठे कार्ड छापायला जातं. फोटोही त्याच वर्षीचा. उलट कित्येक पोरांच्या आधारवरचा फोटो तिसरी-चौथीतला असतो! 15 व्या वर्षानंतर तो बदलून घ्यायचा असतो, पण खेड्यातून कोण त्यासाठी चकरा मारतंय? त्या फोटोवरून समोरचं वीस वर्षांचं पोर ओळखायचं म्हणजे अंदाजच.

आता मूळ मुद्द्यावर येते. होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला होस्टेलच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव घालता येतं. त्यासाठी आयोग काय मागतो? प्राचार्यांच्या सहीचं बोनाफाईड. वयाचा दाखला म्हणून दहावीचं मार्क्स कार्ड चालतं. म्हणजे मतदार यादीत शिरताना, जिथे खरी छाननी व्हायला हवी, तिथे शाळा-कॉलेजच्या कागदावर विश्वास आहे. आणि नाव यादीत आल्यावर, फक्त चेहरा जुळवायचा असतो तेव्हा, त्याच प्राचार्यांच्या सहीचं कार्ड बाजूला सारतात. हे मला कितीही विचार केला तरी पटत नाही.

त्याच 12 कागदांत पब्लिक लिमिटेड कंपनीने आपल्या नोकराला दिलेलं फोटोचं कार्डही आहे. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुकीत तर कॉलेजने प्राध्यापकांना दिलेलं ओळखपत्र आयोग मान्य करतो. संस्था तीच, शिक्का तोच. सरांचं कार्ड खरं आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसलेल्या पोरीचं कार्ड संशयाचं, हे कसं?

बोगस मतदान होईल, प्लॅस्टिकचं कार्ड कुणीही छापेल, असं म्हणणारे आहेत. भीती खोटी नाही. आमच्याकडेच काही संस्थांच्या कार्डावर जन्मतारीख नसते, मुदत नसते, सहीचा नुसता रबरी शिक्का असतो. पण त्यावर उपाय कार्ड सुधारण्याचा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात विद्यापीठाचं कार्ड मतदानाला चालतं, पण त्यावर दिल्याची तारीख, विद्यार्थ्याची सही आणि दोन वर्षांच्या आत संपणारी मुदत लागते. तिथल्याच टेक्सासमध्ये बंदुकीचा परवाना चालतो आणि विद्यार्थ्याचं कार्ड चालत नाही. आपण यातलं काय उचलायचं ते आपल्या हातात आहे.

शिवाय खोलीत पक्षांचे एजंट बसलेले असतात. कुणाला मतदाराबद्दल शंका आली तर दोन रुपये भरून हरकत घेता येते, मग केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतात. त्या दिवशी आमच्या केंद्रावरच्या प्रत्येक एजंटाने माझ्या पुतणीला लहानपणापासून पाहिलेलं होतं. एकानेही हरकत घेतली नव्हती.

सीमाभागात याला अजून एक पदर आहे. आमची पोरं मराठीतून शिकायला चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला जातात, काही धारवाडला. राहणं एका राज्यात, नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत. खानापूरवाल्यांचं तर जिल्हा बेळगाव आणि खासदार उत्तर कन्नडचा! कागद नेहमी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. त्यात यादीतलं नाव कन्नडमध्ये, मार्क्स कार्डावर इंग्रजीत, कॉलेजच्या कार्डावर मराठीत. चौगुलेचं चौगले होतं, कधी चौगला. किरकोळ स्पेलिंगकडे बघू नका, अशी आयोगाची सूचना आहे, पण ड्यूटीवरचा माणूस नवीन असेल तर घाबरतो आणि घाबरला की नाही म्हणतो. म्हणून म्हणते, कोल्हापूरच्या कार्डावरही नाव इंग्रजीत ठळक असू द्या आणि आमच्याकडच्या कार्डावर कन्नड, इंग्रजी दोन्ही. वाचता आलं पाहिजे, बस्स.

1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं, ते याच वयाच्या पोरांसाठी. दर 25 जानेवारीला मतदार दिनाच्या शपथा आम्ही कॉलेजच्या मैदानात घेतो, नावनोंदणीची शिबिरं कॉलेजात, रांगोळ्या आणि रॅली कॉलेजच्या पोरींच्या. सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज भरून घेतो आम्ही. एवढं सगळं कॉलेजवर सोपवता, तर त्याच कॉलेजच्या कार्डाला तेरावा कागद करा. सरकारी, अनुदानित आणि विद्यापीठाशी संलग्न संस्थांपुरतंच करा. जन्मतारीख, मुदत आणि प्राचार्यांची प्रत्यक्ष सही सक्तीची करा. कार्ड हरवलं तर रजिस्टर आमच्याकडे आहेच, कधीही तपासा.

आमच्या कॉलेजच्या कार्डाचा नमुना मी बदलायला दिलाय. मागच्या बाजूला रक्तगटाखाली जन्मतारीख आणि 31 मे पर्यंतची मुदत घातली. प्राचार्य म्हणाले, सातशे सह्या करायला लागतील, करतो.

बेंगळुरूच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना पाठवायचं पत्र कन्नड आणि मराठीत लिहून तयार आहे. खानापूर, निपाणी, बेळगाव, चिक्कोडीतल्या कॉलेजांत काम करणारे कुणी वाचत असाल तर कमेंटमध्ये कॉलेजचं नाव टाका, पत्र तुमच्यापर्यंत पोचवते. तुमच्या प्राचार्यांच्या सहीनिशी गेलं तर वजन पडेल.