सौर वादळ आणि मोबाईल: त्या फिरत्या मेसेजचा एकेक दावा

सौर वादळाची बातमी आली की तो जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो: आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून घातक वैश्विक किरण जाणार, मोबाईल बंद करून दूर ठेवा, नासाने सांगितले आहे. हल्ली त्याला ‘सूर्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय कवच फाटले’ अशी पुस्तीही जोडलेली असते.

‘साडेबारा ते साडेतीन’

इतकी नेमकी वेळ दिवसभर आधी सांगणे कुणालाच जमत नाही. सौर स्फोटाचा प्रकाश 8 मिनिटांत पोचतो, पण वादळ घडवतो तो प्लाझ्माचा, म्हणजे सूर्यातून सुटलेल्या विद्युतभारित कणांचा ढग, आणि त्याला सहसा 1 ते 3 दिवस लागतात. अंदाज काही तासांनी चुकणे नेहमीचेच. शिवाय ढग आला म्हणजे वादळ झालेच असे नाही. ढगातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल, तर बराचसा मारा बाजूने निघून जातो. ही दिशा खात्रीने कळते ती ढग एल-1 बिंदूवरच्या, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या ठरावीक जागी असलेल्या यानांवरून गेल्यावरच. सूर्याचा अभ्यास करणारे आपले आदित्य-एल1 यान तिथेच आहे, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर. ढगाचा वेग सेकंदाला 500 किलोमीटर धरला, तर हाती उरतात 50 मिनिटे.

‘कवच फाटले’

22 जून 2015 रोजी वैश्विक किरण टिपणाऱ्या उटीच्या ग्रेप्स-3 प्रयोगात सुमारे 2 तास वैश्विक किरणांची वाढ दिसली. सौर ढगाने कवच दाबले जाऊन काही काळ क्षीण झाले, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. मथळ्यांनी त्याची ‘भेग’ केली. पृथ्वीचे मुख्य क्षेत्र तयार होते 2,900 किलोमीटर खाली, बाह्यगाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडात. तिथे सूर्याचा हात पोचत नाही. वादळात पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचे कडे बळावते आणि त्याचे क्षेत्र मूळ क्षेत्राच्या उलट असल्यामुळे जमिनीवरचा आडवा घटक घटतो. किती? मे 2024 च्या मोठ्या वादळात साधारण 400 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक, टेस्लाचा अब्जावा भाग). अलिबागला हा घटक सुमारे 38,000 आहे, म्हणजे घट 1 टक्का. 1859 च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने सुमारे 1,600 नॅनोटेस्लाची घट टिपली होती. तीही भरून निघाली.

(ट्राम विजेवर धावणार म्हणून ही मोजणी पुढे अलिबागला न्यावी लागली. चुंबकमापकाला सूर्यापेक्षा ट्रामचा जाच जास्त.)

‘मोबाईल बंद ठेवा’

इथे मेसेज सर्वांत जास्त फसतो. नुकसान करते ते क्षेत्र बदलण्याचा वेग आणि वाहकाची लांबी. बदलत्या क्षेत्रामुळे जमिनीत दर किलोमीटरला काही व्होल्ट निर्माण होऊ शकतात. 5 व्होल्ट धरले, तरी 15 सेंटिमीटरच्या फोनच्या वाट्याला येतो पाऊण मिलिव्होल्ट. शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिनीचे गणित निराळे. तिथे जवळजवळ डीसी असा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रलमधून शिरतो, त्याचा लोखंडी गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), हार्मोनिक्स, म्हणजे मूळ लहरीच्या पटीतल्या नकोशा लहरी, वाढतात, बिघाड दिसताच वीज तोडणारे संरक्षक रिले गोंधळतात. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हेच झाले: व्होल्टेज सांभाळणाऱ्या भरपाई यंत्रणा एकामागून एक ट्रिप झाल्या आणि 60 लाख लोक सुमारे 9 तास अंधारात गेले. लांबलचक वाहिन्या, ध्रुवाजवळचे अक्षांश आणि वीज न वाहणारा जुना खडक, असे तिन्ही घटक तिथे जुळून आले होते.

‘शरीराला अपाय’

एमआरआय यंत्राचे क्षेत्र 1.5 टेस्ला, म्हणजे 150 कोटी नॅनोटेस्ला. त्यापुढे वादळाचे 400 काय? कणांच्या माऱ्याची चिंता अंतराळवीरांना आणि ध्रुवीय मार्गावरच्या विमानांना. आपल्या डोक्यावर जाड वातावरण आहे.

मग आपल्याकडे काय बिघडते?

मुख्यतः जीपीएस. वादळात आयनोस्फिअरमधली, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातली, इलेक्ट्रॉनांची घनता झपाट्याने बदलते आणि उपग्रहाच्या संदेशाला होणारा उशीर चुकीचा धरला जातो. मे 2024 मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर त्यामुळे अडले. रोव्हरने (अचूक जीपीएस यंत्राने) जमीन मोजणाऱ्यांनी केपी निर्देशांक (वादळाची तीव्रता सांगणारा 0 ते 9 चा आकडा) 7 च्या वर दिसला तर काम पुढे ढकललेले बरे. नाहीच जमले, तर ‘फिक्स’ (यंत्राने पक्के ठरवलेले स्थान) मिळाल्यावरही आधी ज्ञात बिंदूवर तपासणी करावी आणि तासाभराने तोच बिंदू पुन्हा घ्यावा. ‘फ्लोट’मधले, म्हणजे स्थान अजून पक्के न झालेले वाचन नोंदवू नये. सूर्यास्तानंतरचे काही तास तर आपल्या अक्षांशांवर वादळ नसतानाही सिग्नल थरथरतो.