परसातल्या फळांचा रस आम्ही का तापवतो: एका नाराज ग्राहकाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलं आहे, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. तुमच्या तक्रारी अशा: फवारणी न केलेली, परसातल्या झाडांची सफरचंदं आणि द्राक्षं तुम्ही रस काढून बाटलीबंद करायला दिलीत. आम्ही त्यातली बरीच सफरचंदं बाजूला काढली, रस तापवून 'मारून टाकला', द्राक्षरसाच्या तळाशी काचेसारखे खडे निघाले, आणि टोमॅटोचा रस लिंबाशिवाय भरून द्यायला आम्ही नकार दिला.

तापवलेल्या रसाला ताज्या रसाची चव येत नाही, हे अगदी खरं आहे. सफरचंदाचा वास ज्या हलक्या द्रव्यांमुळे येतो, त्यातली काही उष्णतेनं उडून जातात. पण तुम्हाला हवा होता तो वर्षभर फडताळात राहील असा रस, आणि उष्णतेशिवाय तो तसा राहत नाही. फळाच्या सालीवर यीस्ट, म्हणजे रस आंबवणारी सूक्ष्म बुरशी, असतंच. कच्चा द्राक्षरस खोलीत नुसता ठेवला तर थोड्याच दिवसांत फसफसायला लागतो. १८६९ साली अमेरिकेतले दंतवैद्य थॉमस वेल्च यांना चर्चमधल्या विधीसाठी न आंबलेला द्राक्षरस हवा होता. त्यांनी रस बाटल्यांत भरला, बाटल्या बंद करून गरम पाण्यात तापवल्या, आणि तो आंबला नाही. आमची रीत मुळात तीच आहे. रस उकळीच्या तोंडाशी आला की गरम असतानाच बाटलीत भरतो, वर सुमारे ६ मिलिमीटर जागा सोडतो, नवं झाकण लावतो आणि बाटली उकळत्या पाण्यात बुडवून ठेवतो. समुद्रसपाटीच्या आसपास सफरचंदाच्या रसाला ५ मिनिटं पुरतात. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे १० किंवा १५ मिनिटं लागतात. त्याहून जास्त वेळ आम्ही ठेवत नाही, कारण चवीची काळजी आम्हालाही आहे.

'घरचं फळ, त्याला कसली भीती?' असं तुम्ही लिहिलं आहे. हे वाक्य मी वारंवार ऐकते, आणि दर वेळी मला काळजी वाटते. फवारणी केली नाही म्हणजे फळावर रसायन नाही, एवढंच. जंतूंचा प्रश्न वेगळा आहे. झाडाखाली गळून पडलेलं फळ मातीला लागतं, तिथे जनावरांची विष्ठा असू शकते. सफरचंदाचा रस आंबट असतो, त्यात घातक जंतू जगणार नाहीत असा समज पूर्वी होता. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंद-रसातून ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची लागण झाली, अनेक जण आजारी पडले आणि एक अगदी लहान मूल दगावलं. पुढे २००१ मध्ये तिथे रस-उत्पादकांसाठी नियम आला: रसातले घातक जंतू एक लाखात एक उरेल इतके कमी झालेच पाहिजेत. तुमच्या घरी नातवंडं हा रस पिणार आहेत, हे तुम्हीच लिहिलं आहे.

आता बाजूला काढलेल्या सफरचंदांबद्दल. तुम्हाला ती वाया घालवल्यासारखी वाटली, आणि स्वतः वाढवलेल्या झाडाचं फळ नाकारलं गेलं की वाईट वाटतं, हे मला समजतं. पण ती नुसती डागाळलेली नव्हती. डाग, खरवड, वेडावाकडा आकार, यातलं काहीच आम्ही नाकारत नाही. रसाला रूप लागत नाही. नाकारतो ते कुजलेलं. सफरचंद कुजवणारी एक निळसर बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते, आणि ते तापवून जात नाही. जंतू उकळीत मरतात, हे विष मात्र रसात उतरून तसंच राहतं. म्हणूनच अनेक देशांत सफरचंदाच्या रसात किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. यावर उपाय एकच, सडकं फळ रसयंत्रात जाऊच द्यायचं नाही. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तरी आम्ही हेच केलं असतं.

द्राक्षरसातले खडे काचेचे नाहीत. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, रस थंड झाला की त्याचे क्षार स्फटिक होऊन खाली बसतात. त्यासाठीच आम्ही रस भरण्याआधी एक-दोन दिवस थंडीत ठेवून वरचा निवळ भाग ओतून घेतो. तरी थोडे नंतर तयार होतातच. त्यांचा काही अपाय नाही. बाटली न हलवता हळू ओता, खडे तळाशीच राहतील.

टोमॅटोच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. पीएच ४.६ च्या खाली असलेल्या पदार्थात बॉटुलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूचे बीजाणू वाढत नाहीत, म्हणून तिथे उकळतं पाणी पुरतं. सफरचंद आणि द्राक्ष त्या रेषेच्या बरेच खाली आहेत. टोमॅटो अगदी रेषेवर असतो, काही जाती तर वर जातात, आणि हे चवीवरून ओळखता येत नाही. म्हणून लिटरमागे सुमारे ३० मिलिलिटर लिंबाचा रस, तोही बाटलीतला, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. आंबट नको असेल तर पिताना चिमूटभर साखर घाला.

पुढच्या हंगामात गोड सफरचंदांबरोबर थोडी आंबट जातीची आणलीत तर तापवल्यावरही चव उठून येईल. ताज्याच्या जवळची चव हवी असेल तर रस गोठवणं हा मार्ग आहे. मात्र गोठवल्यानं सगळे जंतू मरत नाहीत, मुलांना देण्याआधी तो तापवावाच लागेल. भट्टीजवळ उभं राहून सगळं काम बघायचं असेल तर केव्हाही या.

तुमच्याकडे उरलेल्या बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि वर्षभरात संपवा. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. एखादीचं झाकण फुगलेलं किंवा सैल दिसलं तर चव घेऊन बघू नका. आम्हाला कळवा, आम्ही ती परत घेऊ.