सिकल्सच्या पायापेक्षा भारी किस्सा राहिला की!

अमेरिकन यादवी युद्धातल्या (उत्तर विरुद्ध दक्षिण) सेनापतींवरचा लेख आवडला. पण गेटिसबर्गच्या लढाईत गमावलेला पाय उत्तरेच्या जनरल सिकल्सने संग्रहालयाला देऊन टाकला, हे सगळेच सांगतात. उत्तरेचा सेनापती ग्रँट आणि दक्षिणेचा जनरल बकनर यांचा किस्सा कुठे गेला?

१८५४ साली ग्रँट लष्कराचा राजीनामा देऊन न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा खिशात दमडी नव्हती. हॉटेलच्या बिलाची सोय वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतल्या जुन्या मित्राने, सायमन बकनरने लावली. पुढे फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन या दक्षिणेच्या किल्ल्यात ग्रँटपुढे शरण जायची वेळ याच बकनरवर आली. वरचे दोघे जनरल, फ्लॉइड आणि पिलो, जबाबदारी त्याच्या गळ्यात मारून रातोरात सटकले होते! बकनरने अटी विचारल्या, तर उत्तर आलं: बिनशर्त आणि तत्काळ शरणागती. मैत्रीबित्री गेली उडत. तरी १८८५ मध्ये घशाच्या कॅन्सरने ग्रँटचा आवाज गेला तेव्हा बकनर त्याला भेटायला गेला. ग्रँट चिठ्ठ्या लिहून त्याच्याशी बोलला. अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्येही बकनर होताच.

दक्षिणेचा जनरल जोसेफ जॉन्स्टनचंही तसंच. उत्तरेच्या ज्या जनरल शर्मनपुढे शरणागती पत्करली, त्याच्याच अंत्ययात्रेत १८९१ च्या फेब्रुवारीत हा ८४ वर्षांचा म्हातारा थंडीत बोडक्या डोक्याने उभा राहिला आणि महिनाभरात न्यूमोनियाने गेला. हट्ट म्हणावा की दिलदारी, ज्याचं त्याने ठरवावं.

लेखकाला एक विनंती: दक्षिणेचा सेनापती ली ग्रँटपुढे शरण आला त्या ॲपोमॅटॉक्सला शरणागतीच्या अटींची प्रत स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या, सेनेका या मूळ अमेरिकन जमातीच्या इली पार्करवर वेगळा लेख येऊ द्या.