‘पॅकेज’ म्हणे!
दंडाची लोंबती कातडी काढायच्या ऑपरेशनला पुण्यात किती, सोलापुरात किती? अहो, नुसते आकडे काय लावून बघता! शहर बदललं की ऑपरेशन थिएटरचं भाडं, भूलतज्ज्ञाची फी, खोलीचा दर बदलतो, मान्य. पण फोनवर ‘पॅकेज’ म्हणून सांगतात ती बहुतेकदा सर्जनची फी. प्रेशर गारमेंट (सूज आवरणारा घट्ट पट्टा-कपडा), रक्ततपासण्या, जोडीला लायपोसक्शन म्हणजे चरबी शोषून काढणं, हे सगळं नंतर उगवतं. निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर वर १८ टक्के जीएसटी, आणि विमाही नाही. आणि सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर! ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, काढायला जा, टाके दाखवायला जा. काखेपाशी जखम उसवली किंवा आत पाणी साठलं की पुन्हा गाडी. दोन्ही दंड बांधलेले, बॅग उचलायला सोबत माणूस हवाच. त्याचं तिकीट, लॉजचा खर्च कुठल्या पॅकेजात बसतो, सांगा की!