'पोर्ट बदलणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा' म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. आपली प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो नाही, ते दोघांच्याही भल्याचं झालं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: घरच्या सर्व्हरच्या सुरक्षिततेवरच्या माझ्या लेखाबद्दल यांचं म्हणणं असं, की एसएसएचचा (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पोर्ट, म्हणजे तिच्या दाराचा क्रमांक, नेहमीच्या २२ वरून हलवायला सांगणं हा 'शुद्ध भाबडेपणा' आहे, मी 'अर्धवट माहितीवर लोकांना शिकवू' नये, आणि सर्व्हर घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवण्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

आधी माझी चूक. एके ठिकाणी 'एसएसएल' लिहिलं होतं, तिथे 'टीएलएस' (कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीचं आजचं नाव) हवं. दुरुस्त केलंय. आभार.

आता भाबडेपणा. पोर्ट बदलला की सर्व्हर लपतो, असं मी कुठे म्हटलंय? पोर्ट सगळे मिळून ६५,५३५. झीमॅप हे इंटरनेट चाळणारं साधन २०१३ मध्ये आलं तेव्हाच ते अख्ख्या आयपीव्ही४ मधला (इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीतला) एकेक पत्ता एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत तपासून मोकळं होत होतं. हे मलाही ठाऊक आहे हो.

माझा मुद्दा लॉगचा, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांच्या नोंदींचा होता. नऊ वर्षं घरी सर्व्हर चालवतोय, स्क्रीन गेलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर. सुरुवातीला पोर्ट २२ च होता. लॉग उघडावा तर 'फेल्ड पासवर्ड फॉर इन्व्हॅलिड यूझर ॲडमिन', मग 'टेस्ट', मग 'ओरॅकल', की पुन्हा 'ॲडमिन'. पोर्ट २२ ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांच्या रोजच्या हजारो ओळी. आठवडाभर नेटाने वाचल्या, मग नाद सोडला. पोर्ट हलवल्यावर दिवसाचा लॉग एका पानात मावू लागला, आणि त्या पानावर एकदा माझ्याच लॉगिनची ओळ दिसली: 'ॲक्सेप्टेड पासवर्ड'.

तिथे 'पब्लिककी' (पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने लॉगिन) हवं होतं. पासवर्डने आत येणं मी बंद केलं होतं; निदान माझी तशी समजूत होती. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' ठळक लिहिलेलं. पण इन्स्टॉल करताना शेजारच्या फोल्डरात आपोआप तयार झालेली एक दोन ओळींची फाइल त्याआधी वाचली जात होती, आणि तिच्यात 'यस'. एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्रॅम) आधी सापडेल ते धरतो, नंतरचं सोडून देतो. ती फाइल तशी किती महिने होती, ते विचारू नका.

आता सांगा, हजारो ओळींच्या कचऱ्यात ती ओळ मला दिसली असती? 'ग्रेप मारायचं' (कमांड देऊन हवा तो शब्द शोधायचा) असं आपण म्हणणारच. काय शोधायचंय हेच ठाऊक नसताना माणूस ग्रेप कशावर मारणार?

मतभेदाचं मला काही नाही. पण 'अर्धवट माहिती' हे शब्द वापरायला निदान एकदा लेख पूर्ण वाचावा लागतो. राउटरवरचं यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना बाहेरून येण्याचे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, हे त्यात दोनदा आलंय.

वेगळ्या नेटवर्कचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, आणि प्रत्येकाचा राउटर ते करू देतोच असं नाही. माझा सर्व्हर कुठे आहे, हा आपला पुढचा प्रश्न असणार, म्हणून आत्ताच सांगतो: घरातल्या सगळ्यांबरोबर, प्रिंटरच्या शेजारी. राउटर बदलला की बघू.