दया करावी, पण बेताने

बायबलातल्या मीखाच्या पुस्तकातले, सहाव्या अध्यायातले आठवे वचन आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. न्यायाने वागणे, आवडीने दया करणे आणि देवासमोर नम्रभावाने चालणे, एवढेच परमेश्वर मागतो. वचन एकदा पाठ झाले की ते पाळण्याची निकड उरत नाही, हा आपल्या ख्रिस्ती मंडळीचा जुना अनुभव आहे. तरीही एखाद्या भाबड्या सभासदाच्या हातून आठवड्याच्या मधल्या वारी दया घडून जाण्याचा धोका असतोच. त्याच्यासाठी हे चार शब्द.

सर्वांत घातक आहे तो येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला पाहून याजक बाजूने निघून गेला आणि शोमरोनी या परक्या माणसाने त्याला उचलून उतारशाळेत नेले, तोच. तो मुलांच्या नाटुकल्यापुरता ठेवावा आणि मोठ्यांनी त्यातल्या याजकाचा अभ्यास करावा. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी ती वाट पंचवीसेक किलोमीटरांत सुमारे हजार मीटर खाली उतरते, आणि याजक ती वाट उतरत होता असे लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो. म्हणजे मंदिरातली सेवा बहुधा आटोपली होती आणि उशीर होतो आहे ही सबबही त्याच्यापाशी नव्हती. तरी त्याने वेळ निभावून नेली. आपले काम त्याहून सोपे आहे, कारण उपासनेहून परतताना घरी मटण शिजत असते. पूर्वी महामार्गावर जखमी माणूस दिसला की पोलिसांचा ससेमिरा नको, एवढे म्हणून गाडी पुढे काढता येत असे. परंतु २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४अ हे कलम आले, मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले, आणि सरकारने त्याला नाव दिले तेही नेमके आपल्याच दाखल्यातले, ‘गुड समॅरिटन’. आता नवी सबब शोधणे आले. गाडीचे सीटकव्हर नवे आहे, हे कारण तूर्त चालून जावे.

त्यातूनही थांबावे लागलेच, तर निदान शोमरोन्याची हिशेबातली चूक करू नये. तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर आणि दोन दिनार, इथपर्यंत ठीक होते. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तेवढी पदरमोड समजू शकते. पण अधिक खर्च झाला तर परत आल्यावर भरीन, असे तो उतारशाळेच्या मालकाला सांगून बसला. रकमेला मर्यादा नाही, कमिटीचा ठराव नाही, जखमी माणूस आपल्या मंडळीचा आहे की नाही याची चौकशी नाही. असा माणूस मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कोणत्याही पंच कमिटीवर टिकला नसता.

दयेसाठी जागा निवडताना तिथे माईक आहे की नाही, हे आधी पाहावे. हंगामाच्या सणाच्या लिलावात भोपळ्यावर पाचशेची बोली लावताना हात आखडू नये, कारण तिथे आपले नाव पुकारले जाते. सोमवारी मंडईत तसल्याच भोपळ्याच्या पाच रुपयांसाठी म्हातारीशी बिनदिक्कत हुज्जत घालावी. दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, पहिल्या रविवारी पाकिटात घालावा आणि धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार दहा तारखेनंतर द्यावा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, पण ते रोजंदारीबद्दल असून मावशी महिनेवारीवर आहेत, हा मुद्दा ऐन वेळी उपयोगी पडतो. पगार देताना स्वयंपाकघरातले कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यांच्यासमोर धरावे आणि लाल पेनने गोल केलेले खाडे एकेक करून मोजावेत. नातवाला दवाखान्यात नेले होते तो दिवस खाड्यातच धरावा. नातवासाठी प्रार्थना मात्र जरूर करावी, आणि ती त्यांच्या देखत, डोक्यावर हात ठेवून करावी. नाताळात त्यांना एक साडी द्यावी. ती आपल्याला कुणी तरी दिलेली आणि आपल्याला न आवडलेली असली, तर दोघांचेही दान एका साडीत भागते.

इथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण कुणी काढलेच, तर हात जोडावेत आणि विषय बदलावा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, हे सभागृहातल्या तसबिरीखाली शोभून दिसते. पण त्यांनी साडी वाटून घरी जायचे सोडून त्या मुलींना शाळेत बसवले आणि पुढे छापखानाही बायकांच्या हाती दिला. असे केल्यावर पुढच्या नाताळाला साडी घ्यायला कोण उरणार?

न्यायाचे म्हणाल, तर तो दूरचा असावा. ख्रिस्तात जात नाही, हे व्यासपीठावरून ठासून सांगावे आणि दलित ख्रिस्ती बांधवांच्या सवलतींच्या निवेदनावर पहिली सही आपली असावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ज्यांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले नाही, त्यांच्यावरचा अन्याय आपण सहन करणार नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या मुलाचे स्थळ आपल्या मुलीला सांगून आले, तर मात्र मूळचे गाव कुठले, आजोबा काय करत असत, एवढे दोनच निरुपद्रवी प्रश्न विचारावेत आणि मुलीला सध्या पुढे शिकायचे आहे असे कळवावे.

आता पंचांसाठी थोडे. येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यातल्या, राजाकडून दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झालेल्या आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याची नरडी धरणाऱ्या चाकराला आपण उगाच नावे ठेवतो. शंभर दिनार म्हणजे मजुराची तीन महिन्यांहून अधिक दिवसांची कमाई. अशी रक्कम कोण सोडतो? माफ झालेले कर्ज हिशेबाने सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे भरते खरे, पण ते त्याच्या नावावरचे होते, वसुलीचे नव्हते. तेव्हा एखाद्या सभासदाची मासिक वर्गणी थकली असताना तो वारला, तर कबरस्तानातल्या जागेची चिठ्ठी देण्याआधी त्याच्या विधवेला ऑफिसात बोलावून घ्यावे. तिला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, सांत्वनाचे एक वचन वाचावे आणि मग रजिस्टर उघडावे. पैसे मोजून घेतल्यावर पावती मयताच्याच नावाने फाडावी आणि त्याचे पूर्ण नाव तेव्हाच नीट विचारून घ्यावे, म्हणजे संध्याकाळी कबरेपाशी आपले बंधू म्हणून त्याचा उल्लेख करताना अडखळायला होत नाही.