नुसती झाडं मोजून भागणार नाही

झाडांची संख्या गुणिले सरासरी वजन, की छाटणीचा कचरा किती निघेल ते कळलं, असं शहरातल्या झाडांच्या छाटणीवरच्या एका लेखात म्हटलंय. नागपुरात तरी हे जमायचं नाही. आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत मे महिन्यात तारांखालच्या फांद्या तोडल्या. एका जुन्या कडुनिंबाने अख्खी ट्रॉली भरली आणि शेजारच्या चार अशोकांचा पाला मिळून दोन पोतीही झाला नाही. झाडाची जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर आणि मागची छाटणी कधीची, एवढं तरी प्रत्येक झाडापुढे नोंदवलंच पाहिजे. दरवर्षी कापल्या जाणाऱ्या झाडाला नुसते कोवळे फुटवे असतात. ५-६ वर्षं हात न लागलेल्याला मनगटाएवढ्या फांद्या.

शिवाय वजन कोणत्या दिवशीचं? ओल्या फांदीत निम्मं तर पाणीच असतं. आमचा ढीग नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आठवडाभर रस्त्याच्या कडेला पडून होता. पानं कुरकुरीत होऊन नालीत गेली, उरल्या काड्या. काट्यावर वजन घटलं, पण गाडीतली जागा तेवढीच अडली. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, अंदाज टनांत काढा आणि गाड्यांच्या खेपांतही काढा. वादळात पडलेल्या फांद्यांचा हिशेब मात्र वेगळाच ठेवा.